गुरुवारचा आठवा माणूस

आणि वर मलाच विचारतो, "काकू, या वयात दम नाही लागत?" अरे लागतो ना! तुझ्याशी बोलून लागतो, नाचवून नाही लागत! तुम्हाला सांगते, माणसानं एक वेळ ऑगस्टात बहारीनच्या गच्चीवर उभं राहून पापड वाळत घालावेत, पण हॉलच्या चावीवरून सदानंदरावांशी बोलायला जाऊ नये. पापड निदान वाळतात तरी! हा मनुष्य वाळत नाही, वाकत नाही, आणि हसत तर... हसण्याचं नावच काढू नका. आणि याला आमच्या हॉलमध्ये काय काढायचं होतं, ठाऊक आहे? हास्य क्लब!

थांबा, मुळापासून सांगते. इथं बहारीनच्या राजधानीत, मनामात, आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हॉल आहे, हे सदानंदराव बँकेत नोकरीला आणि त्या हॉलच्या कमिटीचे सेक्रेटरी, आणि दर गुरुवारी संध्याकाळी तिथं मी स्क्वेअर डान्स शिकवते. मी! रंभा! हसू नका. नाव बापानं ठेवलं आणि पुढं अडुसष्टाव्या वर्षापर्यंत पाय हलवू दिला नाही कुणी, तो माझा दोष? तर चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात, एकेका बाजूला एकेक जोडी, गाणं लागतं, आणि माईकवरून एक जण ओरडून सांगतो: आता हात धरा, आता सोडा, आता फिरा. तो सांगेल तसं नाचायचं. त्याला म्हणतात कॉलर. ती मी. आणि चौकोनाला माणसं लागतात आठ. आठ म्हणजे आठ! साडेसात चालत नाहीत!

"कुठं शिकलात हो हे?" कुठं शिकणार? शाळा चौथीपर्यंत. विनीतनं, म्हणजे माझ्या मुलानं, मला इथं आणलं तेव्हा हा क्लब खालच्या मजल्यावरच्या एका गोऱ्या म्हातारीचा होता. मी आपली खुर्चीत बसून बघायची. घरी आलं की ओट्यावर पिठाचा चौकोन काढायचा, चार लवंगा म्हणजे पुरुष, चार वेलदोडे म्हणजे बायका, आणि फिरव! सून म्हणायची, "आई, चहात टाकू हा वेलदोडा?" मी म्हणायची, "त्याला हात लावू नकोस पूर्णिमा, तो आत्ता परक्या लवंगेबरोबर आहे, आधी घरी पोचू दे!" म्हातारी मायदेशी परत गेली तेव्हा माईक कुणाच्या हातात देऊन गेली? क्लबातल्या त्या एमबीएवाल्यांच्या? छे! माझ्या!

आणि शिकवायची माझी पद्धत माझी आहे. आता कॉर्नर आणि पार्टनर, यात सगळे गोंधळतात. मी सांगते, कॉर्नर म्हणजे शेजारी, ज्याच्याकडे आपण साखर मागतो तो. पार्टनर म्हणजे ज्याला साखर खाऊ नकोस म्हणून सांगतो तो. संपलं! कॉल द्यायचा तोही पोळीसारखा, तव्यावरची फुगायच्या आत पुढची लाटलेली पाहिजे. पण आमचा सलील! इंजिनियर आहे, हुशार आहे, तोच त्याचा रोग. मी तोंड उघडायच्या आत हा फिरून मोकळा! "काकू, मला वाटलं आता प्रॉमनेड येणार." म्हणजे जोडीनं गोल फेरी मारून आपल्या जागेवर यायचं. तुला वाटलं? माईक माझ्याकडे, वाटतंय तुला? त्याची बायको कश्मिरा नाचता नाचता त्याला दटावते, "सलील, लिसन ना!" आणि दटावायच्या नादात स्वतः चुकते. शंभू ड्रायव्हर तर वळायच्या आधी हात बाहेर काढतो! दोनदा राजनच्या चष्म्याला लागला.

पण ही माणसं माझी. चुकतात, ओरडा खातात, पुढच्या गुरुवारी परत येतात.

तर कमिटीच्या मीटिंगमध्ये सदानंदराव म्हणाले, "काकू, तुमच्याकडे माणसं येत नाहीत. हॉल रिकामा राहतो." रिकामा? माझा हॉल? माझं डोकं फिरलं. मी उठले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "ज्या गुरुवारी माझा चौकोन भरणार नाही, त्या गुरुवारी चावी तुमच्या हातात ठेवीन! आठ म्हणजे आठ!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की समजावं, आपण काहीतरी मूर्खपणा केला.

कारण बहारीन आहे हे! इथं माणूस आज आहे, उद्या त्याची ट्रान्सफर दुबईला. कुणाचा व्हिसा, कुणाची लीव्ह, कुणाची शिफ्ट... आणि परवाच्या गुरुवारी, गाणं लावायच्या वेळेला, मेहरीनचा फोन. सलमानिया हॉस्पिटलात नर्स आहे ती, नाचात शंभूची जोडीदारीण. "आंटी, सॉरी, ड्यूटी चेंज हो गयी." झालं! मोजते तर सलील-कश्मिरा, राजन आणि त्याची बायको, हुस्ना आणि तिची बहीण महमुदा... आणि एकटा शंभू, रिकामा हात पुढं करून उभा. सात!

आणि दारात कोण? सदानंदराव! मुंगीला साखरेचा लागत नाही इतका वास लागतो या माणसाला! "काकू," हात पुढं, "रूल इज रूल. चावी?"

हुस्ना पुढं झाली. ती इथलीच, बहारीनची, रिटायर्ड शिक्षिका, मला उम्म विनीत म्हणते, म्हणजे विनीतची आई. "उम्म विनीत, खलास?" मी म्हटलं, "मफी खलास!" म्हणजे संपलं-बिंपलं काही नाही! आणि सदानंदरावांकडे बघितलं. बूट... पॉलिश केलेले. पाय... दोन्ही शाबूत. म्हटलं, "सदानंदराव, तुम्ही कोण?"

"म्हणजे?"

"माणूस ना?"

"अर्थात!"

"मग या आत! आठ झाले!"

अहो, चेहरा बघायला हवा होतात! "मी? आणि ती तर... ती बाईची जागा आहे!" म्हटलं, "जागेला मिशी असते का? हुस्ना कधीपासून पुरुषाच्या जागेवर नाचते, तिला फुटली? उभे राहा शंभूच्या उजव्या हाताला!" शंभू बिचारा अंग चोरून म्हणतो, "काकी, सायेब हत ते..." "चौकोनात साहेब नसतो शंभू, हात दे!"

मग सदानंदराव हळूच हसल्यासारखे... हसले नाहीत, ओठ रुंद केले. म्हणाले, "आणि मी हललोच नाही तर?" बघा! बघा बँकेतलं डोकं! चौकोन भरायचा तो यांच्यानंच, मोडायचा तर नुसतं उभं राहायचं, की हॉल यांचा. राजनच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिचा घराबाहेर पडायचा आठवड्यातला हा एकच दिवस आहे हो, बाकी ती आणि तिच्या भिंती. माझं तरी काय? विनीत ऑफिसात, सून ऑफिसात, नातू म्हणतो, "आजी, आय ॲम बिझी." मला ऐकणारी माणसं या आख्ख्या बेटावर फक्त त्या चौकोनात आहेत! पण हे मी त्यांना सांगणार? प्राण गेला तरी नाही! म्हटलं, "नका हलू. मीटिंगमध्ये सांगा, नाचता आलं नाही म्हणून हॉल घेतला."

आणि लावलं गाणं!

पहिला कॉल, पार्टनरला नमस्कार. वाकले! शंभू इतका खाली वाकला की चष्मा खिशातून पडला. दुसरा, कॉर्नरला डावा हात. दिला! उजवा दिला, पण दिला. मग आली साखळी. साखळीत काय, पुरुषाच्या जागेवरचे चार एका बाजूनं, बाईच्या जागेवरचे चार उलट बाजूनं, समोर येईल त्याचा हात धरत, सोडत पुढं जायचं. मी ओरडले, "सदानंदराव, डावीकडे!" आणि हे गेले उजवीकडे! गेले ते गेले, समोरून कश्मिरा येत होती तिच्या अंगावर! दोघंही हात पुढं करून उभे, मागं राजनची बायको अडकली, सलील म्हणतोय, "काकू, मला वाटलंच!" शंभूनं वळायचा हात काढला...

चौकोन फुटला की चावी गेली! मी थांबले? मी थांबते? तोंडात येईल तो कॉल दिला, "समोर जो असेल त्याच्याभोवती फेरी मारा!" तेवढ्यात ओट्यावरचं सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं, कोणती लवंग कुठं, कोणता वेलदोडा कुठं. आणि नावानिशी हाका! "हुस्ना, तुझ्यासमोरचा साहेब उलटा फिरव! कश्मिरा, सरळ ये! सलील, तोंड मीट! शंभू, तुझी जोडी पळतेय, धर!" हुस्नानं सदानंदरावांचे खांदे धरून त्यांना जातं फिरवल्यासारखं गरकन फिरवलं, "यल्ला, उस्ताद, यल्ला!" आणि फिरता फिरता त्या माणसाच्या घशातून काहीतरी आवाज आला. मला वाटलं, झटका आला! माईक टाकून धावणार, तर... हसत होते हो! खदाखदा! डोळ्यांतून पाणी! हसता हसता राजनचा हात, सलीलचा हात, आणि शेवटी शंभूचा. पोचले घरी! आठ म्हणजे आठ, आपापल्या जागेवर, आपापल्या जोडीबरोबर!

गाणं संपलं. हॉलमध्ये नुसती धाप. मी माईक घट्ट धरून उभी, दम लागलेला दिसू नये म्हणून भिंतीला टेकून. सदानंदरावांनी रुमाल काढला, घाम पुसला, म्हणाले, "काकू... अजून एकदा."

वाटलं ना तुम्हाला, जिंकले? मलाही वाटलं! हॉल वाचला, चावी माझ्याकडे, हास्य क्लब बारगळला. पण कमिटीचा माणूस हो! अशा माणसाला कुठलीही गोष्ट आवडली की त्याला आधी तिची कमिटी सुचते! कालच नोटीस लागली बोर्डावर. मनामा स्क्वेअर डान्स क्लब, अध्यक्ष सदानंद, बिनविरोध. खाली काय लिहिलंय? 'कॉलरने वेळेवर उपस्थित राहावे.' कॉलरने! म्हणजे मी! म्हणजे आता माझ्या क्लबात, माझ्या माईकवर, मला उशिराची तंबी!

पूर्णिमा म्हणते, "आई, सोडा तो क्लब." मी सोडू? मी? होऊ दे त्याला अध्यक्ष, होऊ दे आणखी कोणी! चौकोनात उभा राहिला की मी म्हणेन तिकडेच जावं लागतं माणसाला! मी डावीकडे म्हटलं की अध्यक्षानंसुद्धा डावीकडेच जायचं!

जातो उजवीकडे मेला, ती गोष्ट वेगळी.