सातवीच्या अडतीस वह्या

नाही हो, तुमचं काही चुकलेलं नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका — बसा, ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या — दोनच आठवडे झालेत तुम्हाला येऊन, आणि मुली माप घेऊ देत नाहीत म्हणून एवढं रडवेलं व्हायचं? टेप पुढे केली की अंग चोरतात, हो ना? आणि मग एकमेकींकडे बघतात. माहितेय मला. ते तुमच्यामुळे नाही, आधीच्या शिवणाच्या बाईंमुळे. कुणी सांगितलं नाही तुम्हाला? हेडसरांनीही नाही? कमाल आहे — म्हणजे कमाल कसली, इथे कुणीच सांगत नाही. मी सांगते. माझा हा तास मोकळाच आहे, आणि दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी सातवीला भाषा शिकवते. पुस्तकात एक नाटक आहे, चेटकिणीच्या खटल्याचं — तीन-चारशे वर्षांपूर्वीचं गाव, गावातल्या मुली आजारी पडतात, औषध लागू पडत नाही, मग सगळे मिळून ठरवतात की टोकाच्या घरात एकटी राहणारी विधवा आहे ना, तिनेच केलं. एकेक साक्षीदार येतो. कुणी म्हणतं ही एकटीच पुटपुटते, कुणी म्हणतं हिने पाहिलं आणि माझी गाय आटली. एक शेजारीण असते, तिला सगळं खरं ठाऊक असतं, पण ती शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. विधवेला फाशी होते. मी अकरा वर्षं शिकवतेय हे नाटक, आणि अकरा वर्षं मुलं हसतात — काय बावळट माणसं होती, बाई! मला ते हसणं खुपायचं. वाटायचं, ह्यांना कळायला हवं, ती माणसं बावळट नव्हती, तुमच्याआमच्यासारखी होती. म्हणून गेल्या वर्षी मी एक गृहपाठ दिला. नवी वही करायची, पहिल्या पानावर माझी सूचना लिहून घ्यायची — कोणतंही एक माणूस निवडा, आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवा, खरं तेवढंच लिहा, एक अक्षर खोटं नको, पण वाचणाऱ्याच्या मनात संशय आला पाहिजे. चांगला आहे की नाही गृहपाठ? मला तरी फार चांगला वाटला होता.

अडतीस वह्या आल्या. त्यातल्या एकोणीस शिवणाच्या बाईंवर. मुलांनी ठरवून केलं म्हणाल तर तसंही नाही, त्या होत्याच तशा, डोळ्यांत भरणाऱ्या — उंच, एकट्या राहणाऱ्या, टाके मोजताना ओठ हलायचे त्यांचे. मुलांनी काय लिहिलं, ऐका. बाई तोंडात टाचण्या धरतात आणि तरी बोलतात. बाई आमच्या कपड्यांचे कापलेले धागे उचलतात आणि पिशवीत भरून घरी नेतात. बाईंच्या कपाटात मुंडकं नसलेली बाई उभी आहे. बाई गळ्याभोवती टेप लावतात, आकडा लिहून घेतात, पण आम्हाला सांगत नाहीत. सगळं खरं! ती मुंडकं नसलेली बाई म्हणजे कपडे बेतायचा पुतळा, पण एक अक्षर खोटं नाही. सगळ्यात सुंदर लिहिलं होतं आमच्या मॉनिटरने, दोन वेण्यांची, ती आता आठवीत आहे. मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. डबा खाताना शिवणाच्या बाईंनाही दाखवलं — आम्ही दहा वर्षं एकत्र डबा खात होतो हो, माझ्या अंगावरचा एकही ब्लाऊज दुसऱ्या कुणी शिवलेला नव्हता — तर त्या वाचून इतक्या हसल्या की ठसका लागला. म्हणाल्या, आता मला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

त्याच आठवड्यात एक मुलगी त्यांच्या तासाला पडली. कागदाचे नमुने उडतात म्हणून खिडक्या बंद, खोलीत उकाडा, पोरगी सकाळपासून उपाशी — टेप गळ्याशी आली आणि धाडकन खाली. दुसऱ्या दिवशी दोघी. तिसऱ्या दिवशी पाच जणी, टेप नुसती हातात घेतली तर. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले काही झालेलं नाही. पण काही झालेलं नाही म्हटलं की आयांचं समाधान होतं का? चौथ्या दिवशी फाटकाशी चाळीस-पन्नास बायका उभ्या. कुणाच्या तरी लेकीने घरी ते निबंधातलं सगळं सांगितलं होतं — धागे, टाचण्या, मुंडकं. त्या आरडाओरडा करत नव्हत्या, तेच वाईट होतं. नुसत्या उभ्या होत्या. हेडसरांनी निरोप धाडला, वह्या घेऊन या.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना, गृहपाठ होता म्हणून. सांगणारच होते मी. वह्या घेऊन निघालेही होते. जिन्याच्या खिडकीतून त्या बायका दिसल्या, आणि मनात आलं — ह्यांना कुणीतरी एक हवंच आहे. शिवणाच्या बाई नाहीत तर... मी प्रयोगशाळेत गेले, कुणी नव्हतं, कडी लावली. पट्टी ठेवून एकेक पान — नाही, म्हणजे — वह्या जरा नीट केल्या. हो, पहिलं पान. आता बोललेच आहे तर — अडतीस पानं फाडली. घाईने नाही, शिवणीपाशी नीट, कुठे चिंधी राहिली नाही. नळाखाली भिजवून गोळा केला. दहा मिनिटं लागली असतील.

हेडसरांनी चाळल्या वह्या. विचारलं, "मुलांनी हे आपणहून लिहिलंय?"

मी म्हटलं, "हो."

बस, एवढंच. एक अक्षर. शिवणाच्या बाईंना आत बोलावलं, समोर चार आया, मी बाजूला. त्यांनी वह्या पाहिल्या आणि चेहरा एकदम मोकळा झाला त्यांचा, वाटलं असणार, सुटले. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना ह्यांना. तुम्हाला माहितेय."

मी म्हटलं, मी शिवणाच्या तासाला वर्गात नसते. खरं तेच बोलले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या — रागाने नाही, एखादा टाका कुठे उसवलाय ते शोधावं तसं. मग त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. संध्याकाळी एका आईने माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, तुम्ही होतात म्हणून आमच्या लेकी वाचल्या. शिवणाच्या बाई भावाकडे गेल्या, दुसऱ्या गावी. ऐकलं की तिथेही बातमी पोचली, आता लहान मुलांचं कापड कुणी शिवायला टाकत नाही त्यांच्याकडे. त्यांचं एक पत्र आलं होतं. मी फोडलं नाही.

मुलांना मी वह्या परत दिल्या. अडतीस जणांनी उघडल्या. पहिलं पान नाही, हे अडतीस जणांना दिसलं, आणि एकानेही विचारलं नाही कुठे गेलं. मॉनिटर तेवढी उठली. मला वाटलं, आता. पण तिने नाटकातलंच विचारलं — ती शेजारीण गप्प बसते ते भीतीने, की तिला बरं वाटत असतं? मी म्हटलं, भीतीने. ती म्हणाली, हो बाई, आणि बसली. तेव्हापासून वर्षभर माझ्या तासाला वर्ग असा शांत असायचा की विचारू नका. मी खडू उचलला की अडतीस माना वर. निरीक्षक येऊन कौतुक करून गेले.

यंदा? यंदाची सातवी वेगळी आहे. नाटक अजून सुरूही केलेलं नाही, पुढच्या महिन्यात — अहो, तिकडे नका हात लावू, तो माझा गठ्ठा आहे. ती वही खाली ठेवा. ठेवा म्हणतेय ना. बरं, वाचलंत, आता काय. त्यात वाईट असं काहीच नाही, तुम्ही जेवताना डावा हात वापरता, खिडकीशी उभ्या राहून स्वतःशी बोलता, असंच. बोलताच ना तुम्ही? मग झालं. नाही, ते मला विचारू नका. यंदा मी तो गृहपाठ दिलेलाच नाही. परवा सकाळी आले तेव्हा ह्या वह्या टेबलावर होत्या, नीट रचून ठेवलेल्या, सव्वीस. मी कुणाला विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. आणि मी आता जे बोलले ते इथेच राहू द्या — तुम्हाला दोन आठवडे झालेत, मला अकरा वर्षं, कुणाचं ऐकतील ते तुमचं तुम्हीच बघा. घंटा झाली. जा, तुमचा तास आहे. उशीर झाला तर तेही लिहून ठेवतील.