उघडी राहिलेली तीन झाडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नियामक मंडळाचे प्रमुख माननीय कायिवा साहेब, प्राचार्या नान्तुमे मॅडम, आमच्या पाणमांजर गोत्राचे वडीलधारे, या वयात मसाकाहून खास आलेले म्झी मुवोंगे, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे सहकारी, सुतारकाम, टोपलीकाम, कुंभारकाम आणि सालकापड या चारही विभागांचे आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती सालोंगो बोनिफास काटेरेग्गा व त्यांच्या पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'विभागप्रमुख आणि बालमित्र' असं छापलं आहे. विभागप्रमुख मी आहे. बालमित्र हा शब्द समितीचा आहे. समितीनं मला आणखी एक सूचना केली, की सालोंगोंचा उल्लेख 'ते' असाच करावा. चव्वेचाळीस वर्षं मी या माणसाला 'तू' म्हणत आलो. मधेच जीभ घसरली तर सांभाळून घ्या.

सकाळपासून आपण त्यांचं कौतुक ऐकतो आहोत. विद्यार्थ्यांनी त्यांना सायकल दिली, पालकांनी केळीचे घड आणि कोंबडे दिले, टोपलीवाल्या मुलींनी गाणं रचलं. टाळ्या किती वेळ चालल्या ते कुणी मोजलं का? मी मोजलं. मला ती सवय आहे. त्यांना काय मिळालं आणि मला काय मिळालं, हे मोजण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. आपल्याकडे जुळ्यांच्या बापाला सालोंगो म्हणून मान मिळतो. यांना जुळी झाली आणि एका रात्रीत सगळा गाव यांना सालोंगो म्हणू लागला. मला एकेक करून पाच झाली. पाचांचा कसला मान? लोक तेव्हा हसले होते. मी हसलो नव्हतो.

मुळापासून सांगतो. साल कुटून कापड करणं हा आमच्या घराचा धंदा, आजोबा-पणजोबांच्या आधीपासूनचा. काटेरेग्गांचे वडील तळ्यावरून सायकलवर मासे आणून विकायचे. एक दिवस ते मासे द्यायला आले आणि सोबत सोळा वर्षांचा मुलगा होता. माझे वडील मांडवात ओंडक्यावर साल कुटत होते. मुलगा तिथंच उभा राहिला. बापानं दोनदा हाक मारली, तरी हलला नाही. शेवटी माझे वडील म्हणाले, राहू दे त्याला आजचा दिवस. तो दिवस सहा वर्षं चालला. मी तेव्हा चौदाचा. घरचा मुलगा म्हणून साल कुटायची मोगरी माझ्या हातात आधीच होती. त्याच्या हातात केरसुणी दिली गेली. मला बरं वाटलं.

चौथ्या वर्षी वडील आजारी पडले. आत झोपून असायचे, डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. एका सकाळी मी ओसरीवर मोगरीच्या खाचा साफ करत बसलो होतो आणि मांडवातून कुटण्याचा आवाज येत होता. आत वडील आईला म्हणाले, "ऐकतेस का? आज पोराचा हात बसला." आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता.  आई हळूच म्हणाली, "तो काटेरेग्गा आहे." वडील म्हणाले, "असं होय." आणि कुशीवर वळले. त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही, रागावलेही नाहीत. ते दोन शब्द मात्र अजून माझ्या कानात आहेत.

पुढे हे विद्यालय निघालं आणि आम्ही दोघंही इथं शिक्षक झालो. आता शिकवण्याविषयी बोलायला हवं, कारण सत्कार त्याचा आहे. मी कसा शिकवत होतो? माप, वेळ, खाचांचा क्रम. आधी जाड खाचांची मोगरी, मग मधली, मग बारीक. चुकलं की परत. भोक पडलं की मी ते कापड सगळ्या वर्गासमोर उचलून धरायचो. काटेरेग्गा पहिला महिनाभर मोगरीच देत नसत. विद्यार्थ्यांना डोळे मिटून बसवायचे आणि ओले, सुके, कच्चे, पिकलेले सालीचे तुकडे हातात द्यायचे. 'बोलू नका, चोळा,' एवढंच सांगायचे. कापडाला भोक पडलं तर म्हणायचे, आता ठिगळ लावायला शिकलास, बरं झालं. मला हा पोरखेळ वाटायचा. कार्यालयात मी तसं बोलूनही दाखवलं, दोनदा लेखी.

निकाल काय लागला? माझ्या हाताखालून गेलेले बहुतेक जण आज मोटारसायकलवरून प्रवासी नेतात. ते प्रामाणिक काम आहे, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. काटेरेग्गांचे सोळा विद्यार्थी आजही साल कुटून पोट भरतात. ते सोळाही जण आज या सभागृहात आहेत. त्यातली एक माझी मुलगी आहे.

तेओपिस्ता सोळा वर्षांची असताना माझ्याकडे मोगरी मागायला आली होती. मी तिला सांगितलं की हे पुरुषांचं काम आहे, तू चटया विण.  तीन महिने तिच्या तळहातावर फोड दिसत होते. विचारलं की कुदळीचे आहेत म्हणायची. मग एका वार्षिक प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून एका कापडावरून हात फिरवला आणि शेजारच्या शिक्षकाला म्हटलं, हे कुणाचं? पहिला क्रमांक यालाच. त्यानं नाव वाचलं. मी ते कापड खाली ठेवलं आणि दुसऱ्याला क्रमांक दिला. म्झी मुवोंगे, तुम्ही त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होतात. तुम्ही मला विचारलं होतं, घाम का फुटलाय. मी ऊन आहे म्हणालो होतो.

आता जे सांगणार आहे ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. अध्यक्षमहाराज, दोन मिनिटं जास्त लागतील.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या गोत्रात नव्या वडीलधाऱ्यांना गादीवर बसवायचं होतं. समारंभाला सालीचं कापड लागणार होतं. गोत्र आमचं, धंदा आमच्या गोत्राचा, आणि मंडळी विद्यालयात आली ती सरळ काटेरेग्गांच्या मांडवात गेली. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलून मग माझ्याकडे येतील. ती आली, पण नमस्कार करून फाटकाकडे गेली. म्झी, तुमचा दोष नाही. तुम्ही चांगलं कापड निवडलंत.

त्या आठवड्यात पाऊस होऊन गेला होता आणि साल सुटायला आली होती. गुरुवारी सकाळी काटेरेग्गांनी विद्यार्थ्यांना घेऊन विद्यालयाच्या बागेतल्या मुटुबाच्या सात झाडांची साल काढली. इथल्या पोरासोरालाही माहीत आहे, की साल काढलेलं खोड त्याच दिवशी केळीच्या पानांनी गुंडाळावं लागतं. गुंडाळलं तर नवी साल धरते आणि झाड पुन्हा पुन्हा देतं. उघडं राहिलं तर सुकतं. त्या दिवशी चार झाडं गुंडाळून झाली आणि पानं संपली. ओली साल ताबडतोब कुटावी लागते, म्हणून विद्यार्थी ती घेऊन मांडवात गेले. तेवढ्यात काटेरेग्गांना हिवताप भरला. दात वाजत होते, उभं राहवत नव्हतं. त्यांना मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवलं आणि दवाखान्याकडे निघाले. फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली आणि मला म्हणाले, "मुकालाझी, तीन उरलीत. तुझ्या बागेत पानं आहेत. संध्याकाळच्या आत होईल ना?"

मी म्हणालो, "हो."

घरी गेलो. माझ्या बागेत त्या दिवशी इतकी पानं होती की तीस झाडं झाकली असती. कोयता घेतला, दगडावर पाजळला. धार आली, तरी पाजळत राहिलो. मनात म्हणत होतो, गोत्राची माणसं ज्याच्याकडे जातात त्यानंच बघावं. ऊन कडक होतं आणि तळ्याकडून कोरडा वारा सुटला होता. त्या वाऱ्यानं काय होतं हे मला वडिलांनी शिकवलं होतं. चार वाजले, पाच वाजले. कुणी मला अडवलं नव्हतं आणि मी आजारीही नव्हतो. मी विसरलो असतो तर आज तुमचा वेळ घेतला नसता. मी विसरलो नव्हतो.

सकाळी खोडं तडकली होती. हंगाम संपेपर्यंत तिन्ही झाडं गेली. त्यातलं एक माझ्या वडिलांनी, विद्यालय निघालं तेव्हा आजारातून उठून, दिसत नसतानाही, स्वतःच्या हातानं लावलेलं होतं.

कापड झालं, उत्तम झालं, समारंभात वाखाणलं गेलं. आणि चौकशीही झाली. तेव्हाचे प्राचार्य आता आपल्यात नाहीत. त्यांनी सगळ्या शिक्षकांना याच सभागृहात बसवलं आणि विचारलं, जबाबदारी कुणाची? काटेरेग्गा उठले. एकदा माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या कागदाकडे बघत होतो. ते म्हणाले, "झाडं माझी होती." त्यांच्या फायलीत 'निष्काळजी' असा शेरा गेला. त्या वर्षी विभागप्रमुख तेच होणार होते. मी झालो. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

या भाषणासाठी माझं नाव सुचवलं गेलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. मग मागच्या रविवारी प्रार्थना आटोपून त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी म्हणालो, त्या तीन झाडांविषयी बोलायला आलोय. ते म्हणाले, बस. मी आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "मला ठाऊक आहे. तेओपिस्तालाही."

माझी मुलगी त्या दिवशी फाटकाशी होती. त्यांना मोटारसायकलवर मागून धरून बसलेली तीच होती. मी 'हो' म्हणालो ते तिनं ऐकलं होतं, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोडं बघून ती रडत दवाखान्यात गेली आणि म्हणाली, मी प्राचार्यांना सांगते. यांनी तिला बसवलं आणि सांगितलं, "मला विभागप्रमुख व्हायचंय, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या तोंडून तुझ्या बापाचं नाव काढून नाही व्हायचं."

अकरा वर्षं माझी मुलगी माझ्या घरी जेवायला वाढते आहे आणि तिला ठाऊक आहे. अंगणात हे ऐकताना मला काय वाटलं असेल? लाज वाटली, हे खरं. पण तुम्हाला खोटं सांगणार नाही, लाजेच्या आधी दुसरंच काही आलं. मला वाटलं, हेही यानंच घेतलं. माझ्या वडिलांचा कान घेतला, माझी मुलगी घेतली, आणि आता माझ्या मुलीच्या मनात माझ्याविषयी जो काही मान शिल्लक असेल, तोसुद्धा यानंच राखून ठेवला. तोही माझा स्वतःचा नाही.

मी त्यांना म्हणालो, "तुला राग नाही आला?"

"आला ना. दोन वर्षं तुझ्या घरचं पाणी प्यायलो नाही. तुला वाटलं माझं पोट बिघडलंय. तुझी बायको मला काढे पाठवत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी वाट बघत होतो. इतका वेळ लावशील असं नव्हतं वाटलं."

मी म्हणालो, "मला माफ कर."

त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली आणि म्हणाले, "इथं, अंगणात? मला निष्काळजी म्हटलं ते सगळ्यांसमोर. तिथं बोल. मग बघू."

"मग माफ करशील?"

"बघू म्हटलं ना."

म्हणून हे इथं बोललो. प्राचार्या मॅडम, सालोंगोंच्या फायलीतला तो शेरा खोटा आहे. तो काढावा, आणि जिथं तो लिहिला होता तिथं माझं नाव घालावं. तसं लेखी निवेदन मी आणलं आहे, ते आपल्या टेबलावर ठेवतो. विभागप्रमुखपदाचं काय करायचं ते मंडळानं ठरवावं. माझी दोन वर्षं उरली आहेत. ती वर्गात काढायला सांगितलं तर वर्गात काढीन, घरी जा म्हणालात तर घरी जाईन.

सोमवारपासून सालोंगोंचा वर्ग तेओपिस्ता घेणार आहे. परवा तिनं सरावासाठी घेतलेला तास मी बाहेरून बघितला. मुलं डोळे मिटून सालीचे तुकडे चोळत होती. मला आत जाऊन मापाविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. गेलो नाही. त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत खिडकीशी उभा राहिलो आणि मला त्यांचाही हेवा वाटला. माझी खोड अजून गेलेली नाही, हे तुम्हाला माहीत असावं.

अध्यक्षमहाराजांनी मध्ये थांबवलं नाही, समितीनं बोलायची संधी दिली आणि आपण सर्वांनी उठून न जाता ऐकून घेतलं, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात वेळेचं, शिष्टाचाराचं, 'ते' आणि 'तू'चं जे काही चुकलं असेल ते आपण उदार मनानं पोटात घालावं. त्या तीन झाडांबद्दल मात्र मी आपल्याकडे काही मागत नाही. ते ज्याच्याकडे मागायचं तो पुढच्या रांगेत बसला आहे, आणि त्यानं अजून मान वर केलेली नाही. सालोंगो, मी बोललो. तू सावकाश बघ.