चाळिसावं सूप

…आणि वर मलाच विचारतात, ‘शेफ, मेनू एवढा आखूड का झाला हो?’ मी केला का आखूड? तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं मी त्या पाळण्यांच्या पार्कातल्या हॉटेलात उभा आहे, डोक्यावर ते झुलतं जहाज, वर माणसं किंचाळतायत आणि खाली मी कांदा चिरतोय… एकोणीस वर्षांत एक पदार्थ मी स्वतःच्या हातानं कमी केला नाही. कमी केले ते त्या पट्ट्यानं! तो मनगटावरचा निळा पट्टा. माहीत नाही? मग बसा, सांगतो. म्हणजे बसलेलेच आहात म्हणा.

तर हल्ली काय, गेटवर तिकीट काढतानाच दिवसभराच्या जेवणाचे पैसे भरून टाकायचे. हाताला पट्टा. आत आमची अकरा हॉटेलं, कुठंही शिरा, पट्टा मशीनला लावा, टुंग! पट्ट्यावरच्या मोजक्या टिकांतली एक गेली. एका टिकमध्ये एक जेवण, एक गोड, एक थंड. आणि जेवण म्हणजे काहीही हं! वाटीभर सूप घेतलंत तरी एक टिक, आणि भाजलेली अर्धी कोंबडी, शेजारी बटाट्यांचा ढीग, वरून चीजचा चिखल, हे घेतलंत तरी एकच टिक. आता खरं सांगा, तुम्ही काय घ्याल?… बघा, बघा कशा माना खाली घातल्या!

पूर्वी माणूस यायचा, पोटावरनं हात फिरवायचा, मेनू वाचायचा, म्हणायचा, ‘काहीतरी हलकं द्या.’ आता डावीकडचं कोणी वाचतच नाही. उजवीकडच्या किमती वाचतात, सगळ्यात मोठा आकडा दिसला की त्यावर बोट! भूक आहे का? कुठली भूक, आत्ताच कोपऱ्यावरच्या हॉटेलात पहिली टिक उडवून आलाय. मग का खातोस बाबा? तर छाती पुढे काढून सांगतो, ‘पैसे भरलेत ना आधीच!’

आणि ते गोड! कोणाला नको असतं, पण सोडत कोणी नाही. केकचा तुकडा रुमालात गुंडाळतात आणि जहाजात जाऊन बसतात. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. आमच्या सफाईवाल्या मावशींना विचारा. बिचाऱ्या जहाज सुटलं की छत्री उघडतात.

बरं, मेनू सव्वीस पदार्थांचा होता माझा. सव्वीस! मग आले आमचे तक्तेवाले साहेब. ह्यांच्या हातात कायम तक्ता, घरी बायकोशी भांडतानाही तक्ता काढून दाखवत असतील. म्हणाले, ‘शेफ, अर्धी प्लेट कोणी घेत नाही, काढा. उकडलेल्या भाज्या कोणी घेत नाही, काढा. टोस्टवर कोण टिक घालवतो? काढा.’ काढता काढता सात राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, अकराही हॉटेलांत तेच सात! मग अकरा ठिकाणी शिजवायचं कशाला? गाड्या लावतात ना, त्याच्या मागं एक मोठं स्वयंपाकघर काढलं, तिथनं कोंबडी शिजून, ट्रेमध्ये सील होऊन येते. मी काय करायचं? ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा आणि बटण दाबायचं. एकोणीस वर्षांचा शेफ, तुम्हाला सांगतो, लिफ्टमन झाला!

सातातले सहा असे बटणाचे. सातवं माझं भोपळ्याचं सूप. ते मी करतो. सकाळी येऊन भोपळा सोलतो, भाजतो, त्यात आलं, मिरी, आणि शेवटी लिंबू. हे सूप काय म्हणून ठेवलं होतं माहीत आहे? जहाजातनं उतरलेली माणसं! चेहरा पांढराफटक, पाय एकीकडे, चप्पल दुसरीकडे. त्यांना खुर्चीत बसवायचं आणि हातात वाटी द्यायची. दहा मिनिटांत माणूस पुन्हा बायकोवर ओरडायला लागायचा. मला तेवढंच समाधान हो. ओरडणं नव्हे, रंग परत येणं!

तर गेल्या मंगळवारी साहेब आले. तक्ता पुढं केला. ‘शेफ, सूपही काढू या.’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. सूप गेलं तर मी तिथं कशाला? बटण दाबायला एप्रन कशाला लागतो? हातापाया पडलो नाही, एवढंच. म्हटलं, रविवारपर्यंत द्या. साहेबांनी पेन चावलं आणि म्हणाले, ‘पट्ट्यावर चाळीस सूपं जाऊ द्या रविवार संध्याकाळपर्यंत. चाळीस गेली तर राहील. एकोणचाळीस गेली तर नाही.’

चाळीस! जिथं दिवसाला दोन जात नाहीत! मी वाटी बदलली, चांगला वाडगा घेतला. वर क्रीमनं फूल काढलं. आमचे वेटरमामा, साठीला आलेला माणूस, टेबलाटेबलाशी जाऊन सूप सुचवायला लागले. लोक काय म्हणायचे? ‘सुपाला पण टिक जाणार? मग कोंबडीच द्या.’ एका टेबलावर एक आजीबाई, जहाजातनं उतरलेल्या, डोळे मिटलेले, म्हणतायत, ‘मला बाई सूपच दे.’ आणि मुलगा काय म्हणतो? ‘आई, कोंबडी घे. खाऊ नकोस हवं तर, पण घे. पैसे भरलेत ना आधीच!’ त्या आजीबाई कोंबडीसमोर अशा बसल्या होत्या, जणू कोंबडीच त्यांना खाणार आहे. मी आतनं बघत होतो. मला इतका राग आला, इतका राग आला… की मी ओव्हनचं बटण जोरात दाबलं. दुसरं होतं काय दाबायला?

पण गेली हो सूपं! कोणाचा दात दुखत होता, कोणाचं बोट चुकून दुसऱ्या ओळीवर पडलं, एका डॉक्टरबाईंनी अख्ख्या कुटुंबाला दम देऊन पाच घ्यायला लावली, देव त्यांचं भलं करो. रविवारी दुपारी चार वाजता मामा आत आले, म्हणाले, ‘एकोणचाळीस.’ एक! फक्त एक!

आणि दारातनं कोण आत यावं? आमची ही! माझी बायको! तिच्या शिलाईच्या वर्गातल्या सतरा बायका आणि ही, अठरा जणींची सहल. मला पत्ता नाही, म्हणाली नंतर, गंमत करायची होती. सगळ्यांच्या हाताला निळे पट्टे. मी देवाला हात जोडले. कारण, तुम्हाला सांगतो, माझ्या सुपावर जगात कोणाचा जीव असेल तर हिचा! सर्दी झाली, सूप करा. कंटाळा आला, सूप करा. माहेरचं माणूस भांडून गेलं, सूप करा! आणि पट्ट्याची, चाळिसाची भानगड मी घरी बोललो नव्हतो. काय सांगायचं, नवऱ्याची नोकरी एका वाडग्यावर अडकलीय म्हणून?

खिडकीतनं मी तिला हातानं वाडगा करून दाखवला. तिनं हात हलवून टाटा केला. पुन्हा दाखवला. तिनं मैत्रिणींना सांगितलं, ‘बघा, किती खूश झालेत!’ शेवटी एप्रन झटकला, बाहेर आलो, टेबलाशी उभा राहिलो. म्हटलं, सूप फार छान झालंय आज.

‘अहो, सूप काय, घरी पितेच की,’ ती म्हणाली. ‘कोंबडी सांगा. आणि ओळखीचे आहात तर जरा मोठा तुकडा बघा. पैसे भरलेत ना आधीच.’

आता सतरा बायकांसमोर काय बोलणार? म्हटलं, बघतो. आणि सतराजणींनी हिच्याकडे बघून कोंबडीच सांगितली! अठरा कोंबड्या! अठरा वेळा बटण दाबलं मी, स्वतःच्या हातानं. सहापर्यंत चाळिसावं कोणी मागितलं नाही. सहा वाजता साहेब आले, तक्त्यात सुपावर रेघ मारली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. वाईट माणूस नाही तसा.

घरी आलो तर ही कोचावर आडवी. हात पोटावर, चेहरा जहाजातनं उतरल्यासारखा. म्हणते, ‘ती कोंबडी फार जड झाली हो. जरा सूप टाकता का?’ टाकलं. काय करणार? भोपळा सोलला, भाजला, लिंबू पिळलं. दोन वाडगे प्याली. रंग परत आला. तोंड पुसलं आणि मला म्हणाली…

‘एवढं सुरेख सूप करता, तर पार्कातल्या मेनूवर का नाही ठेवत हो?’

मी पातेलं घासायला घेतलं.