पॅकिंगची खुर्ची

माजं म्हायेर आटपाडीकडं, सासर बी तिकडंच, मेंढरामागं फिरणारी आमची माणसं, मग मेंढरं इकली आन आमी शिरवळला आलो, तवापासनं मी कंपनीत रबर चिकटवायच्या कामाला हाय. शेजारच्या टेबलाला सुशीलावैनी. तिचं समदंच बरं, काय सांगू तुमाला ताई, इस्लामपूरला ऊस, नवरा मिलिटरीतनं पेन्शनीवर आलेला, इथं वॉचमन, तिला रोज गेटपातूर सोडायला यायचा. मला ते बघवायचं न्हाई, सरळच सांगते.

आमच्या गोंदात थिनर असतंय, डोकं भणभणतंय. कंपनीच्या डॉक्टरीणबाई आठवड्याच्या शेवटच्या दिशी, पाळी सुटताना आमची लघवी बाटलीत घ्यायच्या. म्हणायच्या, हवेत किती हाय ते यंत्र सांगतंय, पर तुमच्या अंगात किती गेलं ते लघवीच सांगती, त्याला एक रेघ ठरीवल्याली हाय, रेघेच्या वर गेली त्या बाईला गोंदावरनं उठवायचं. उठवायचं म्हंजे पॅकिंगला. तिथं खुर्ची, खिडकी, पंखा, आन पगार त्योच. पर खुर्ची एकच. आन रेघेच्या वर गेली कोण, तर सुशीलावैनी. मी जराशी खाली राहिले. मनात म्हणले, बघा, दुखणं बी देवानं तिलाच चांगलं दिलं.

बाईंनी बजावलं हुतं, तपासणीच्या आदल्या दिसापासनं कोल्ड्रिंक आन इकतचं लोणचं घिऊ नगा, त्यानं आकडा उगाच चढतोय. आता वैनी कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत घरचं ताक आणायची, लय बायका आणत्यात, तपासणीच्या दिशी मी बी त्याच बाटलीतनं प्याले हुते. तरी बाईंस्नी जाऊन सांगितलं, आवं, तिच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली हुती. बाटली हुती हे काय खोटं हाय व्हय? वैनी म्हणली, आवं ताक हुतं त्यात, हिराला इचारा, हिनं बी प्यालंय. बाईंनी माज्याकडं बघितलं. मी म्हणले, मला न्हाई ठावं.

मग बाई म्हणल्या, पुढच्या खेपंला परत तपासू. सुपरवायझरनं वैनीला लगीच गोंदावर बसवलं, आन रेघेला लागून माजा आकडा हुता म्हणून खुर्ची मला दिली. पुढची तपासणी यायच्या आदीच वैनी चक्कर यिऊन टेबलाशी पडली. परत तपासलं तर आकडा पयल्यापरीस लय वर, आन हात कापत्यात ते आजून थांबल्यालं न्हाईत.

आता ती नवऱ्यासंगं इस्लामपूरला घरी असती, मी खुर्चीवर. गेल्या ऐतवारी यष्टीनं जाऊन आले. वाटलं, आता ही तोंडावर इचारणार. तर म्हणली, हिरा, तुजा आकडा खाली आला का गं, जप बाई. तेवढं बोलली. मग तिच्या नवऱ्यानं बशीत च्या वतला, फुकून गार केला, आन आपल्या हातानं तिला पाजला. आमच्या घरी मला कुणी पाण्याचा तांब्या बी दिल्याला न्हाई. ताई, तिचं हात माज्यामुळं थरथरत्यात, आन तवा बी माज्या पोटात तिच्यासाठनं कळवळलं न्हाई, जळलंच.

देव तिचं हात बरं करू दे. माजं मन त्यो तरी काय बरं करणार.