मामाच्या गावची वांगी

सन्माननीय अध्यक्ष ललितभाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती अश्विनीताई, बालनिरीक्षणगृहातले कर्मचारी बंधू-भगिनी, आणि पंख्याचा वारा जिथे पोहोचत नाही तिथेही तग धरून बसलेल्या श्रोत्यांनो,

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वेळ जाईना म्हणून इथल्या मुलांना गणित शिकवायला आलो आणि अश्विनीताईंच्या तावडीत सापडलो. मुलगा सुटला की त्याला घरी पोहोचवायला प्रोबेशन ऑफिसर असूनही त्या स्वतः जात, आणि सोबत मला नेत. किती जिने चढलो आम्ही, किती घरांतला अर्धा कप चहा प्यालो! ते दिवस आठवले की अजून जीव तिकडे ओढ घेतो.

एकच आठवण सांगतो. मुलाचं नाव सांगणार नाही. कायद्याची मनाई आहे, आणि ताई समोरच बसल्या आहेत. आपण त्याला भाचा म्हणू. खानदेशातून कामाला आलेल्यांच्या कोसाड वसाहतीतला, सोळा वर्षांचा. मित्रांच्या नादानं त्यानं शेजारच्या सुभद्राबाईंचं कुलूप तोडून गॅसची टाकी पळवली. बाई कापडाच्या लूमवरच्या कामगारांना डबे देत. टाकी गेली, डबे बंद पडले, बांधलेलं गिऱ्हाईक तुटलं. इकडे भाच्याची आई, सुमनताई, ज्याला त्याला सांगे, "पोऱ्या मामाकडे गयेल शे, अमळनेरले." पोलीस त्याला घेऊन गेले ते उभ्या इमारतीनं पाहिलं होतं. पण आईच्या तोंडावर कोण बोलणार?

सुटकेच्या दिवशी सुमनताईंनी अश्विनीताईंचे पाय धरले. "त्याला गावाहून आल्यासारखं आणा. सुभद्राबाई बिथरल्या तर आम्हाला बिऱ्हाड हलवावं लागेल." खोट्याचा तिटकारा असलेल्या ताई त्या दिवशी विरघळल्या. गावाहून येणारा रिकाम्या हातानं कसा येईल? म्हणून त्यांनी इथल्याच कतारगामच्या बाजारातून पिशवीभर वांगी घेतली. जांभळी, चकचकीत, मुठीएवढी. आता सांगलीच्या आमच्या ताईंना कोण सांगणार, की खानदेशातली भरताची वांगी हिरवी आणि चांगली थोराड असतात? मी रत्नागिरीचा. मलाही ती सुरेखच वाटली!

जिन्यातच सुभद्राबाई आडव्या आल्या. त्यांनी पिशवीतलं एक वांगं काढलं, फिरवून पाहिलं.

"हाई वांगं आपला गावनं नही शे."

ताईंचा चेहरा उतरला. सुमनताईंनी कठडा धरला. मी, नेहमीप्रमाणे, घसा खाकरला. आणि भाचा बोलला, "मी गावले गयथूच नही, मावशी. तुमनी टाकी मीच लई गयथू."

"माले माहीत शे," बाई म्हणाल्या. "तुना तोंडथून आयकनं व्हतं." मग त्यांनी जिन्याखाली बोट दाखवलं. "खाले भरेल टाकी उभी शे. जशी लई गयथा, तशी वर आन."

दारादारांत माणसं उभी होती. पोरानं टाकी खांद्यावर घेतली, दोनदा खाली टेकवली, पुन्हा उचलली. मी पुढे झालो तर ताईंनी माझी बाही धरली. तिसऱ्या मजल्यावर त्यानं टाकी बाईंच्या उंबऱ्याबाहेर ठेवली आणि मान खाली घालून वळला.

"दारशे नको," सुभद्राबाई म्हणाल्या, "मझार ठेव." म्हणजे, आत ठेव. ज्या घराचं कुलूप त्यानं तोडलं होतं, त्याच घरात. मंडळी, मला तेव्हा रडू आलं आणि आत्ताही येतंय.

त्या दिवसापासून ताईंनी कुणालाच गावाहून आणलं नाही. ज्याचं नुकसान झालं त्याचं दार आधी, स्वतःचं घर नंतर. सगळीच दारं उघडली असं नाही. काही अजून बंद आहेत, आणि ताई तिथे अजूनही जातात.

आपण मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. जाता जाता एक गोष्ट. येत्या सोमवारी एक मुलगा सुटतो आहे. त्याची आई काल ताईंबद्दल मला विचारत होती, "बेन येणार ना?" मी हो म्हणून बसलोय. ताई, निवृत्त बाईंच्या वतीनं न विचारता शब्द दिला. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर त्याच्यासोबत हेही पोटात घाला.