पोहणार कोण?

ताई : ते हेल्मेट आधी काढा बघू. जेवायच्या टेबलाशी बसलाय तुम्ही, शर्यतीत नाही.

चष्मेवाला : अगं, डोक्याला सवय नको का व्हायला?

ताई : तुमच्या डोक्याला सवयी लावायचे माझे सगळे उपाय केव्हाच थकले. आणि त्याची ती मागची शेपटी सारखी माझ्या कपात जातेय.

चष्मेवाला : ती शेपटी वारा कापते.

ताई : आत्ता चहा कापतेय.

बेकरीवाला : ताई, बिस्किटं घ्या ना. तुटकी आहेत, पण कालच्याच भट्टीची.

चष्मेवाला : साडूभाऊ, बिस्किटं नकाशावरून उचला. तुम्ही सबंध बंदर झाकून टाकलंत.

बेकरीवाला : हां हां, उचलतो. नाही म्हणजे, खातोच.

चष्मेवाला : तर मुद्दा असा. पोहणे, सायकल, धावणे अशी ही तिहेरी शर्यत आपल्या गावात, पण समुद्र काही आपल्या गावात नाही. तळ्यात पोहायचंय. आणि जो समुद्रात तयार झाला त्याला तळं म्हणजे बादली. म्हणून आपण तिघांनी सुट्टी काढून या शहरात जायचं. इथे समुद्र, हा इथे चढाचा रस्ता, आणि हा लांबलचक किनारा धावायला. देवानेच आखून ठेवल्यासारखं शहर आहे.

ताई : आणि राहायचं कुठे?

चष्मेवाला : खोली बघून ठेवलीय. खिडकीतून समुद्र दिसतो.

ताई : कुठल्या खिडकीतून?

चष्मेवाला : न्हाणीघराच्या. स्टुलावर चढलं की दिसतो. मालकाने स्टूल द्यायचं कबूल केलंय.

बेकरीवाला : स्वभावाने चांगला वाटतो.

चष्मेवाला : आता दिवसाचा क्रम. पहाटे उठणे. अंग मोकळं करणे. समुद्र. मग हलका आहार...

बेकरीवाला : हलका म्हणजे साधारण किती हलका?

चष्मेवाला : उकडलेलं काहीतरी. मग सायकल. मग धावणं. दुपारी सक्रिय विश्रांती.

ताई : विश्रांती सक्रिय कशी असते हो?

चष्मेवाला : म्हणजे आडवं व्हायचं, पण पाय भिंतीला वर लावून. संध्याकाळी पुन्हा समुद्र.

ताई : अहो, मी आठवडाभर इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसते. एक्स-रे कुठे, औषधं कुठे, माझा माणूस कुठे. सुट्टीतही पहाटे उठून कुणी सांगेल तिकडे पळायचं, तर मी खिडकीतच बरी आहे. तिथे निदान पंखा आहे.

चष्मेवाला : पण तुला फक्त धावायचंय! सांघिक गट आहे आपला. तिघांत तीन गोष्टी वाटून. तू धावणार, मी सायकल...

ताई : थांबा. मी धावणार, हे कधी ठरलं?

चष्मेवाला : नाव घालताना.

ताई : माझं नाव घातलंत? मला न विचारता?

चष्मेवाला : विचारणार होतो. पण दुकानात गिऱ्हाईक आलं.

बेकरीवाला : ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे ना.

ताई : अख्ख्या गावाला?

बेकरीवाला : नाही म्हणजे... साडूभाऊंच्या दुकानात डोळे तपासायला जो जातो त्याला. अक्षरांच्या तक्त्यावर त्यांनी हे वेळापत्रकच लावलंय. वरची ओळ मोठ्या टायपात, खालची बारीक.

ताई : अहो!

चष्मेवाला : अक्षरं ती अक्षरं. नाहीतरी गिऱ्हाईकांना जुना तक्ता पाठ झाला होता. चष्मा लागलेली माणसं घडाघडा म्हणून दाखवायची.

बेकरीवाला : आमच्या शेजारच्या आजी परवा सांगत होत्या, की सगळं वाचलं, फक्त शेवटची ओळ दिसली नाही. मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत आहे. काय आहे हो शेवटच्या ओळीत?

चष्मेवाला : काय असणार? ‘पोहणे – साडूभाऊ.’

बेकरीवाला : कोणाचे साडूभाऊ?

चष्मेवाला : म्हणजे? माझे. तुम्ही.

बेकरीवाला : मी?

चष्मेवाला : मग कोण?

बेकरीवाला : पण पोहणार तर तुम्ही ना!

चष्मेवाला : मी? मला कुठे येतं पोहता?

बेकरीवाला : मला तरी कुठे येतं?

ताई : थांबा हं. मी जरा नीट बसते.

चष्मेवाला : साडूभाऊ, चेष्टा पुरे. तुमचा तो फोटो आहे ना, निळ्या चड्डीतला. तलावाच्या काठाला उभे, अंगावरून पाणी निथळतंय, हात कमरेवर.

बेकरीवाला : अहो, तो त्या मोठ्या हॉटेलातला! लग्नाचा तीनमजली केक पोचवायला गेलो होतो. काठावरून जाताना पाय घसरला. केक आणि मी, दोघं आत. मला दोन वाढप्यांनी बाहेर काढलं. कपडे भिजले म्हणून हॉटेलवाल्यांनी ती चड्डी दिली.

चष्मेवाला : मग हसताय कशाला त्यात?

बेकरीवाला : जिवंत होतो म्हणून.

ताई : आणि केक?

बेकरीवाला : वरचा मजला वाचला. तरंगत होता.

चष्मेवाला : म्हणजे तुम्हाला अजिबात...?

बेकरीवाला : पण मी तुम्हाला किती वेळा बघितलंय! दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर पालथे पडून सपासप हात मारताना. मान वळवून श्वास घेता. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, तुझे भावोजी मासाच आहेत.

चष्मेवाला : ती कोरडी तयारी. पुस्तकात दिलीय. पाण्याचा भाग मी तुमच्यावर सोडला होता.

बेकरीवाला : आणि मी तुमच्यावर. मी ‘हो’ म्हणालो ते धावायचं म्हणून. भट्टी आणि दुकान यांच्यामध्ये मी दिवसभर दुसरं करतो काय?

ताई : म्हणजे समुद्राकाठी सुट्टी ठरली, समुद्र दिसावा म्हणून स्टूल ठरलं, आणि पोहता कुणालाच येत नाही.

चष्मेवाला : हसू नकोस. माझी किती नाचक्की होईल कळतंय तुला? त्या दिवशी बँकेचे मॅनेजर तो तक्ता वाचून माझ्याशी हस्तांदोलन करून गेले. त्यांच्या बायकोने तर टाळ्या वाजवल्या.

बेकरीवाला : एखादी तब्येतीची तक्रार सांगू. मला कान आहेत. म्हणजे कानाचा त्रास आहे असं म्हणू.

चष्मेवाला : लोक म्हणतील, घाबरले. म्हणू देत. काढू नाव. सुट्टीही रद्द. हे काढलं हेल्मेट, परत घेतील का विचारतो. चहाचा डाग जाईल ना गं?

ताई : मी पोहते.

चष्मेवाला : काय?

ताई : मी पोहते म्हटलं.

चष्मेवाला : हे बघ, तुझी भावना मला कळली. पण पोहणं म्हणजे काय चालायला जाणं आहे? शिकावं लागतं.

ताई : शिकलेय. वर्ष होत आलं. नगरपालिकेच्या तलावावर जाते, दर शनिवारी.

चष्मेवाला : शनिवारी तू तुझ्या बहिणीकडे असतेस! साडूभाऊ, शनिवारी ही तुमच्याकडे येते की नाही?

बेकरीवाला : येतात की. म्हणजे... मी शनिवारी भट्टीशी असतो. मला वाटायचं येऊन गेल्या. बायको पण म्हणते, ताई येऊन गेली.

ताई : तिला माहीत आहे. माझा पोहायचा पोशाख तिच्याच दोरीवर वाळतो.

बेकरीवाला : तो तुमचा! मी त्याने एकदा पावाचे ट्रे पुसले, ताई. माफ करा.

चष्मेवाला : पण तू ओल्या केसांनी घरी यायचीस. मी विचारलंही होतं. तू म्हणालीस, धाकटीने तेल लावून न्हाऊ घातलं.

ताई : हो. म्हणाले होते.

चष्मेवाला : मग?

ताई : अहो, दर शनिवारी? केस पिकायला लागलेल्या बाईला तिची बहीण धरून न्हाऊ घालते, आणि तुम्हाला त्यात काही खटकलं नाही?

चष्मेवाला : मला वाटलं, बहिणींची माया. मला तर भरून आलं होतं.

बेकरीवाला : मी येऊ का? माझी भट्टी...

ताई : रविवारी बंद असते तुमची भट्टी. बसा.

चष्मेवाला : मला का नाही सांगितलंस? बहिणीला सांगितलंस, आणि मला...

ताई : सांगू खरं? मी चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले, आठवतं? आठवडा झाला नाही, तर तुम्ही प्रदर्शनासाठी हॉल बघून आलात. मला तेव्हा फक्त सुरई काढता येत होती. तीही कलती.

चष्मेवाला : चांगली होती सुरई.

ताई : मग मी आपली संध्याकाळी फिरायला जायला लागले. तुम्ही माझ्या मनगटाला ते यंत्र बांधलंत. आणि रस्त्यात फोन. ‘उभी का आहेस? नाडी का उतरली?’ मैत्रीण भेटली होती हो, म्हणून उतरली.

चष्मेवाला : काळजीपोटी केला होता फोन.

ताई : माहीत आहे. म्हणून तर भांडता येईना. चित्रं सोडली, फिरणं सोडलं. हे सोडायचं नव्हतं. पाण्यात पहिल्यांदा हात-पाय सुटले ना, तेव्हा वाटलं, हे एवढं एक मी कुणाला दाखवणार नाही. सुधारायचं नाही, वाढवायचं नाही, त्याचं काहीही करायचं नाही. नुसतं पोहायचं.

चष्मेवाला : म्हणजे मी एवढा... साडूभाऊ, मी एवढा जाच करतो?

बेकरीवाला : नाही म्हणजे... माझ्या नानकटाईला तुम्ही तीन आकार सुचवले होते. पट्टी घेऊन आला होतात.

चष्मेवाला : त्या गोल नव्हत्या.

बेकरीवाला : लोक खातच होते हो.

चष्मेवाला : मग आता सांगितलंस ते का? गप्प बसली असतीस, तर आम्ही नाव काढून मोकळे झालो असतो.

ताई : तुम्ही हेल्मेट काढलंत ना, ते बघवेना. कान लाल झाले होते त्याने.

चष्मेवाला : ते घट्ट होतं एवढंच.

ताई : असेल. तर ऐका आता. मी पोहीन, धावायचं ते तुमचे साडूभाऊ धावतील, सायकल तुमची. पण समुद्रावर माझ्या हाताला काही बांधायचं नाही. मी पाण्यात असताना काठावरून सूचना नाहीत. किती झालं, किती राहिलं, विचारायचं नाही. शिट्टी तर नाहीच.

चष्मेवाला : शिट्टी मी आणलीच नाहीये.

बेकरीवाला : मला दाखवली होतीत ना, नारिंगी...

चष्मेवाला : साडूभाऊ, बिस्किट खा.

ताई : कबूल?

चष्मेवाला : आणि तुला काही झालं तर?

ताई : तर मी ओरडेन. घसा तुमच्यापेक्षा बरा आहे माझा. कबूल आहे का?

चष्मेवाला : ...कबूल. पण समुद्राला लाटा असतात हे तरी सांगितलं तर चालेल?

ताई : मला दिसतील त्या.

(समुद्राकाठच्या शहरात, सुट्टीतली एक सकाळ. दोघे साडू वाळूवर टॉवेल अंथरून बसले आहेत. ताई पाण्यात आहेत.)

चष्मेवाला : दिसते का?

बेकरीवाला : दिसतात. ती हिरवी टोपी. त्या तरंगणाऱ्या पिंपाच्या अलीकडे.

चष्मेवाला : मला नुसतं हिरवं-निळं दिसतंय. काचेवर मीठ बसलंय. पुसलं तर आणखी पसरलं. दुर्बीण आणली होती मी, तिने बॅगेतून काढून घेतली.

बेकरीवाला : माझी बायकोही आलीय ना, तिच्याकडे दिलीय. ती पक्षी बघतेय.

चष्मेवाला : आता?

बेकरीवाला : आता पिंपापाशी. वळल्या. नाही... वळल्या नाहीत. पुढेच गेल्या की.

चष्मेवाला : पुढे? वळायचं होतं तिथून! डावा हात मारून...

बेकरीवाला : साडूभाऊ, बसा. पिंपाच्या पुढेही ती दोरी आहे, तिथपर्यंत जायला परवानगी आहे. रक्षक पण आहे मचाणावर.

चष्मेवाला : रक्षक पेंगतोय. आता?

बेकरीवाला : आता मध्ये होडी आली. होडीमागे आहेत.

चष्मेवाला : होडी कधी हलेल?

बेकरीवाला : मासेवाल्याची दिसते. त्याला काय घाई?

चष्मेवाला : एकदाच हाक मारतो. अगदी हळू.

बेकरीवाला : हळू मारलीत तर ऐकू जाणार नाही, आणि जोरात मारलीत तर कबूल केलंय तुम्ही. हा पाव धरा तोंडात.

चष्मेवाला : अहो, माझी बायको तिकडे...

बेकरीवाला : धरा म्हणतो ना! पहाटे खोलीच्या मालकाच्या भट्टीत मुद्दाम कडक भाजलाय. चावायला वेळ लागतो.

चष्मेवाला : म्म.

बेकरीवाला : चावा. चावत राहा. मलाही एक लागणार असं दिसतंय. हां! निघाली होडी. ती बघा टोपी. उताण्या पडल्यात ताई. आकाशाकडे बघत आरामात तरंगतायत.

चष्मेवाला : म्म?

बेकरीवाला : खरंच. आता निघाल्या इकडे. लाटेवर येतायत मस्त. गिळा आता, गिळा, ठसका लागेल.

ताई : काय हो, दोघं उभे का? आणि यांच्या डोळ्यांत पाणी कशाने आलं?

बेकरीवाला : पाव कडक होता, ताई. मी जरा चूळ भरायला पाणी आणतो यांना.

ताई : टॉवेल द्या. वाळूचा नको, तो दुसरा.

चष्मेवाला : हा घे. तू... थंडी वाजतेय का?

ताई : नाही.

चष्मेवाला : मी काही विचारत नाहीये, किती वगैरे. फक्त एक विचारू?

ताई : विचारा.

चष्मेवाला : त्या पिंपाच्या पलीकडे काय आहे?

ताई : काहीच नाही.

चष्मेवाला : मग एवढ्या लांब कशाला गेलीस?

ताई : काहीच नाही म्हणून.

चष्मेवाला : बरं. मग ये जाऊन अजून एकदा. मी आहे इथे.