कॅनडातून दिसलेले बाबा

बडोद्यातल्या विद्युतदाहिनीबाहेर कुमुदिनीबाई नवऱ्याचा नंबर यायची वाट बघत एकट्याच बसल्या होत्या. शेजारी एक मुलगी अंत्यविधी इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्या लॅपटॉपवाल्याशी बोलत होती.

"विहंगभाई, दादाला कॅनडात अजून काहीच दिसत नाहीये. कनेक्शन सुरक्षित नाही, एवढंच येतंय."

"बेन, सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपलीय. नवीन टाकतोय, थोडा वेळ लागेल."

"अहो, आता बाबांचाच नंबर आहे!"

"तोवर आमचं आधी होऊ दे," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"काकू, उपकार झाले. पण तुमची माणसं यायची असतील ना?"

"कोणी यायचं नाहीये, बाळा."

पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळलेला त्यांच्या नवऱ्याचा देह दाहिनीच्या दाराशी, कॅमेऱ्यासमोर नेला. तेवढ्यात विहंग म्हणाला, "चालू झालं!"

मुलीच्या फोनमधून दादाचा हंबरडा ऐकू आला.

"बाबा! अगं, दिसले गं बाबा! बाबा, मला यायला नाही जमलं हो!"

"दादा, अरे, हे आपले..."

कुमुदिनीबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"दार बंद होईपर्यंत रडू दे त्याला. यांच्यासाठी रडणारं दुसरं कोणी नाही."